कळी कुठे फुटायची, हे कोण ठरवतं? यीस्टमधल्या मध्यस्थ प्रथिनांचा इतिहास

शाळेच्या पुस्तकात कलिकायन दोन-तीन वाक्यांत आटोपतं. किण्वपेशीला फुगवटा येतो, केंद्रकाचं विभाजन होतं, एक केंद्रक फुगवट्यात जातं, फुगवटा मोठा होऊन सुटतो. आकृती काढा, नावं द्या, गुण घ्या. एम.एस्सी.ला आल्यावरही आपण त्याच आकृतीपाशी असतो, फक्त नावं इंग्रजीतून येतात. पण खरा प्रश्न त्या आकृतीतच लपलेला आहे. पेशी गोल आहे, सगळ्या बाजूंनी सारखी आहे, मग फुगवटा एकाच जागी का येतो? दोन जागी का नाही? आणि ती जागा ठरवतं कोण?

पेट, नेट किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. तुमच्या नोट्समध्ये 'स्कॅफोल्ड प्रथिन' या शब्दापुढे एक ओळ असते: संदेशवहनातल्या प्रथिनांना एकत्र धरून ठेवणारं प्रथिन. ती पाठ करायला एक मिनिट लागतं. यीस्टमधल्या एका प्रथिनाबाबत ती ओळ खरी आहे, हे दाखवायला मात्र लोकांना जवळजवळ वीस वर्षं लागली. त्या वीस वर्षांत काय काय करावं लागलं, ते बघू.

सुरुवात आपल्या जवळून करते. बुलढाणा जिल्ह्यात सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रोजेक्ट म्हटला की सगळे लोणारला जातात, पण बुरशीच्या आकाराचा प्रश्न महाराष्ट्रात पुण्याला विचारला गेला. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, मुकुंद देशपांडे आणि सहकाऱ्यांनी बेंजामिनिएला पॉइट्रासी नावाच्या बुरशीवर वर्षानुवर्षं काम केलं. ही बुरशी म्युकरच्या गणातली, पण रोगकारक नाही, म्हणून प्रयोगाला सोयीची. ३७ अंश सेल्सिअसला आणि माध्यमात ग्लुकोज असताना ती यीस्टसारखी राहते, कळ्या काढते. २८ अंशाला तिचे तंतू होतात. जीव तोच, जनुकं तीच, पण एका ठिकाणी कळी आणि दुसऱ्या ठिकाणी एकाच दिशेने वाढत जाणारा तंतू.

एम. सी. श्रीनिवासन आणि देशपांडे यांच्या गटाने १९९०च्या आसपास या बुरशीची यीस्ट रूपातच अडकून राहणारी उत्परिवर्तित वाणं वेगळी केली. १९९२ साली 'जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी'मध्ये त्यांचा निबंध आला. ग्लुटामेट डीहायड्रोजिनेज हे विकर या बुरशीत दोन प्रकारचं असतं, एक एनएडी वापरणारं आणि दुसरं एनएडीपी वापरणारं. या दोघांचं प्रमाण रूपाबरोबर बदलतं, असं त्यांनी दाखवलं. पुढच्या काळात हेच विकर बुरशीविरोधी औषधाचं लक्ष्य होऊ शकतं का, इथपर्यंत काम गेलं. २०२१ साली म्युकरमायकोसिसने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ऊतकात घुसते ती बुरशी तंतूरूपाने घुसते. तेव्हा 'कळी की तंतू' हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही.

पुण्याच्या गटाने स्वतःच्या निष्कर्षाला रूपबदलाशी निगडित जैवरासायनिक खूण असं मोजकं नाव दिलं, आणि ते मला फार आवडतं. खूण म्हणजे 'सोबत' बदलणारी गोष्ट. तिच्या 'मुळे' आकार बदलतो, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. ते करायला जनुकं हवी तशी मोडता-जोडता यावी लागतात, आणि ती हत्यारं त्या काळी पावाच्या यीस्टसाठी होती तशी या बुरशीसाठी नव्हती. म्हणून 'मुळे'चा इतिहास बघायला पावाच्या यीस्टकडे, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीकडे, आणि अमेरिकेकडे जावं लागतं.

१९७०च्या सुमारास सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लीलंड हार्टवेल यीस्टची तापमान-संवेदनशील वाणं गोळा करत होते. कल्पना साधी. २३ अंशाला पेशी नीट वाढते, ३६ अंशाला तिचं एखादं प्रथिन बिघडतं आणि ती अडकते. कुठे अडकली, हे सूक्ष्मदर्शकातून बघायचं. ब्रायन रीड हा तेव्हा पदवीचा विद्यार्थी. तो पेशींचे ठरावीक वेळाने फोटो काढायचा. त्यातून लक्षात आलं की कळीचा आकार बघून पेशीचक्र कोणत्या टप्प्यावर आहे ते सांगता येतं. कळी हेच घड्याळ. १९७३ सालच्या निबंधात अशी १४८ वाणं आणि त्यांतून ३२ जनुकं नोंदवलेली आहेत. या कामासाठी हार्टवेलना २००१ सालचं नोबेल विभागून मिळालं. मुख्य साधनं काय, तर इन्क्युबेटर, पेट्री प्लेट आणि साधा प्रकाश सूक्ष्मदर्शक. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत एवढं असतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

या ३२ जनुकांतलं एक वेगळंच निघालं: सीडीसी२४. हे बिघडलं की केंद्रकाचं चक्र चालू राहतं, डीएनए दुप्पट होतो, केंद्रकं वाढतात, पण कळी येतच नाही. पेशी नुसती फुगत जाते, मोठ्या लिंबासारखी. मिशिगन विद्यापीठात जॉन प्रिंगल यांच्या प्रयोगशाळेने हे वाण हातात घेतलं आणि १९७८ व १९८१ साली त्याचं नीट वर्णन केलं. एरवी कळीच्या मुळाशी कडं करून बसणारं कायटिन इथे सगळ्या पृष्ठभागावर पसरलेलं होतं. म्हणजे पेशीची वाढ थांबलेली नव्हती, तिची दिशा हरवलेली होती. ध्रुवता या शब्दाचा अर्थ मला व्याख्येपेक्षा या लिंबावरून जास्त चांगला कळला.

१९९० साली याच प्रयोगशाळेतून ॲलिसन ॲडम्स, डग्लस जॉन्सन आणि इतरांनी सीडीसी४२ पुढे आणलं. त्याचंही लक्षण तेच, कळी नाही. त्याची रचना वाचली तेव्हा ते रास घराण्याच्या जवळचं छोटं जीटीपीएज निघालं. माणसातलं सीडीसी४२ यीस्टच्या सीडीसी४२शी सुमारे ८० टक्के जुळतं. जीटीपीएज म्हणजे बटण. जीटीपी चिकटलं की चालू, त्याचं जीडीपी झालं की बंद. चालू करणारं प्रथिन वेगळं, बंद करायला मदत करणारी वेगळी. पुढे कळलं की चालू करणारं प्रथिन म्हणजेच आपलं जुनं सीडीसी२४.

झालं तर मग! बटण सापडलं, बटण दाबणारं सापडलं. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. बटणं पेशीपटलावर सगळीकडे पसरलेली आहेत, मग ती एकाच ठिपक्यात का चालू होतात?

इथे बेम१ येतं. ते सापडलं कसं, हे समजून घ्या, कारण मुलाखतीत 'सिंथेटिक लिथॅलिटी' विचारली की अर्धे उमेदवार व्याख्या म्हणतात आणि उदाहरणाला अडतात. आपल्याकडचा शेतकरी विहीर आणि बोअर दोन्ही ठेवतो. विहीर आटली तरी बोअरवर पीक निघतं, बोअर बंद पडला तर विहिरीवर निघतं. दोन्ही गेले की पीक गेलं. ॲलन बेंडर आणि प्रिंगल यांच्याकडे एमएसबी१ नावाचं जनुक होतं. त्याच्या जास्त प्रती दिल्या की सीडीसी२४ आणि सीडीसी४२चे दोष झाकले जायचे, पण ते काढून टाकलं तर पेशीला काहीच व्हायचं नाही. आपण असतो तर 'बिनकामाचं जनुक' म्हणून ते फ्रीजरच्या तळाला ठेवलं असतं. त्यांनी उलटं विचारलं: हे नसताना कोणतं दुसरं जनुक गेलं की पेशी मरते? त्या शोधात १९९१ साली दोन जनुकं मिळाली, बेम१ आणि बेम२. बेम हे नाव कलिका निघण्याच्या इंग्रजी शब्दांवरून.

पुढच्या वर्षी, १९९२ साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या आयरा हर्स्कोविट्झ यांच्या गटाने प्रिंगल-बेंडरसोबत 'नेचर'मध्ये दाखवलं की बेम१ कळीसाठी तर लागतंच, पण मिलनाच्या वेळी जोडीदाराकडे टोक वाढवायलाही लागतं. ५५१ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात दोन एसएच३ भाग होते. एसएच३ म्हणजे दुसऱ्या प्रथिनाला धरायचा हात. विकर म्हणावं असं त्यात काही नव्हतं. नुसतेच हात! मग हे प्रथिन करतं काय?

उत्तरासाठी शब्द शेजारच्या गल्लीतून आला. मिलनाच्या संदेशवहनात एसटीई५ नावाचं असंच बिनविकराचं प्रथिन होतं. १९९४ साली एकाहून जास्त गटांनी दाखवलं की ते एसटीई११, एसटीई७ आणि एफयूएस३ या ओळीतल्या तिन्ही कायनेजना धरतं. स्कॅफोल्ड हा शब्द त्यानंतर सगळीकडे झाला. बेम१ही सीडीसी२४ला, सीडीसी४२ला, सीएलए४सारख्या कायनेजना आणि खुद्द एसटीई५लाही चिकटतं, असं नव्वदच्या दशकात एकेक करून समोर आलं, आणि त्यालाही तोच शब्द लागला.

या शब्दाचं मराठी करताना लोक 'परांची' म्हणतात. बांधकामाला बांबूची परांची बांधतात ना, ती. मला हा शब्द पटत नाही. परांची मुकी असते. गवंडी तिच्यावर उभा राहतो, काम झालं की सोडून टाकतात. बेम१ला मध्यस्थ म्हणावं, सोयरीक जुळवणारा असतो तसा. त्याच्या एका हातात मुलाकडचे, दुसऱ्या हातात मुलीकडचे. त्याचं स्वतःचं लग्न नसतं, पण तो नसेल तर दोन्ही घरं एकाच गावात राहून एकमेकांना भेटत नाहीत.

या उपमेतून आणखी एक गोष्ट समजते, जी परांचीतून समजत नाही. मध्यस्थ जास्त झाले तर काय? मुलाकडच्यांना एक भेटला, मुलीकडच्यांना दुसराच, आणि दोघं आपापल्या जागी चहा पीत बसले. सोयरीक होत नाही. लेवचेन्को, ब्रक आणि स्टर्नबर्ग यांनी २००० साली गणिती प्रारूपातून हेच मांडलं: स्कॅफोल्डचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे वाढलं की संदेश वाढण्याऐवजी कमी होतो. एखादं प्रथिन स्कॅफोल्ड असल्याची शंका असेल तर ते काढून तर बघाच, पण भरमसाट वाढवूनही बघा. साध्या विकराकडून अशी उलटी घसरण सहसा अपेक्षित नसते.

आता मूळ प्रश्न. एकच कळी का? यीस्टकडे जागेची आठवण असते. मागची कळी जिथे आली होती तिथली खूण आरएसआर१ नावाचं प्रथिन वाचतं आणि नवी कळी ठरलेल्या जागी येते. पण आरएसआर१ काढून टाकलं तरी कळी येतेच, भलत्याच जागी येते, आणि तरीही एकच येते. म्हणजे खूण नसली तरी पेशी स्वतःहून एक जागा निवडते. ड्यूक विद्यापीठात डॅनियल ल्यू यांच्या प्रयोगशाळेतून हावियर इराझोकी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं की या स्वतःच्या निवडीला बेम१ लागतं, ॲक्टिनचे तंतू लागत नाहीत. आरएसआर१ आणि बेम१ दोन्ही नसतील तर निवड होत नाही. बेम१ ठेवलं पण सीडीसी२४ धरणारा त्याचा हात मोडला, तरी होत नाही.

त्याच वर्षी रोंग ली यांच्या गटाचा 'सायन्स'मधला निबंध सांगत होता की ॲक्टिनच्या वाटेने सीडीसी४२ एका जागी पोचवलं जातं आणि त्यातूनच ध्रुव तयार होतो. दोन चांगल्या प्रयोगशाळा, एकच यीस्ट, दोन उत्तरं. हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचा, असं मी प्रत्येकाला सांगते. कोणत्या परिस्थितीत कोणता प्रयोग केला, हे बघायची सवय पाठ्यपुस्तकातून लागत नाही.

बेम१वाल्या उत्तराचं यंत्र असं. एखाद्या जागी योगायोगाने थोडं सीडीसी४२ चालू होतं. चालू असलेल्या सीडीसी४२ला सीएलए४ हे कायनेज येऊन चिकटतं. सीएलए४चा हात बेम१च्या हातात, आणि बेम१च्या दुसऱ्या हातात सीडीसी२४. म्हणजे जिथे बटण चालू आहे तिथेच बटण दाबणारा येऊन उभा राहिला. त्याने शेजारची बटणं दाबली, तिथे आणखी जोड्या आल्या. बसस्टँडवर दोन वड्यांच्या गाड्या सारख्याच असतात, एकीवर चार माणसं जास्त दिसली की पाचवा तिथेच जातो, तसं. आणि गिऱ्हाईक मोजकंच असतं. पेशीत ही प्रथिनं मर्यादित आहेत, त्यामुळे मोठा ठिपका लहान ठिपक्याचं सामान ओढून घेतो आणि शेवटी एकच उरतो. गोर्याचेव्ह आणि पोखिल्को यांनी २००८ साली दाखवलं की हे गणित ॲलन ट्युरिंगने १९५२ साली मांडलेल्या आकृतिबंधाच्या गणिताच्या जातीचं आहे.

चित्र सुंदर आहे, पण चित्र म्हणजे पुरावा नाही. बेम१ नुसतं मध्यस्थ आहे की त्याचं आणखी काही गुप्त काम आहे? हे तपासायचा रस्ता ल्यूंच्या प्रयोगशाळेने २००८ साली घेतला: मध्यस्थालाच वगळा आणि दोन्ही घरं थेट बांधून टाका. त्यांनी सीडीसी२४ आणि पीएके जातीचं कायनेज एकाच प्रथिनात जोडलं. बेम१ नसलेल्या पेशींनी त्यावर ध्रुव तयार केला, कळी काढली. माझ्या मते बेम१ला स्कॅफोल्ड म्हणायचा हक्क त्या दिवशी मिळाला. १९९१ ते २००८. त्याआधी चिकटतं हे माहीत होतं, काढलं तर बिघडतं हेही माहीत होतं, पण 'एकत्र आणणं' हेच त्याचं काम आहे, हे एकत्र आणण्याची दुसरी सोय करून दिल्यावरच म्हणता आलं.

२००९ साली त्याच प्रयोगशाळेने 'सेल'मध्ये त्याहून खोडकर प्रयोग छापला. त्यांनी बेम१ला एसएनसी२ या प्रथिनाशी जोडलं. एसएनसी२ पुटिकांमधून ॲक्टिनच्या वाटेने पटलावर जातं. म्हणजे आता बेम१ पेशीद्रवातून झटकन इकडून तिकडे जाऊ शकत नव्हतं, त्याला गाडीनेच यावं लागत होतं. ओढाताण मंदावली, आणि काही पेशींना चक्क दोन कळ्या आल्या. 'एकच का' या प्रश्नाचं उत्तर दोन करून दाखवून दिलं.

मुका मध्यस्थ ही कल्पना मात्र पुढे टिकली नाही. एसटीई५ हे एफयूएस३ला नुसतं धरत नाही, त्याचं कुलूप उघडतं, तेव्हाच एसटीई७ला ते चालू करता येतं, असं २००९ साली दिसलं. २०१७ साली डेरेक मॅककस्कर यांच्या गटाने शुद्ध प्रथिनं घेऊन दाखवलं की बेम१च्या उपस्थितीत सीडीसी२४चा बटण दाबण्याचा वेग वाढतो. चांगला मध्यस्थ नुसती भेट घालून देत नाही, दोन शब्द सांगून पटवतोसुद्धा. तुमच्या नोट्समधली ती एक ओळ इथे अपुरी पडते.

आणि इतकं महत्त्वाचं प्रथिन नसेलच तर? लीडेवाय लान, जॉन कोशवानेझ आणि अँड्र्यू मरे यांनी २०१५ साली हा प्रयोग छापला. बेम१ काढलेलं यीस्ट त्यांनी १,००० पिढ्या वाढू दिलं. सुरुवातीला पेशी कशाबशा जगत होत्या. शेवटी त्यांची वाढण्याची क्षमता बेम१ असलेल्या पूर्वजांच्या ९० टक्क्यांहून वर गेली. जीनोम वाचल्यावर दिसलं की पेशींनी नवा मध्यस्थ बनवलेला नव्हता. त्यांनी आणखी जनुकं मोडली होती, आणि वेगवेगळ्या वाणांत जवळपास त्याच क्रमाने: आधी बेम३, मग एनआरपी१ आणि बेम२. बेम३ आणि बेम२ ही सीडीसी४२चं बटण बंद करायला मदत करणारी. दाबणारा दुबळा झाला तर विझवणारेही कमी केले, आणि हिशोब पुन्हा बसला. एनआरपी१चा ध्रुवतेशी काही संबंध असेल, असं आधी कोणाच्या यादीत नव्हतं.

या प्रयोगामुळे पुण्याच्या त्या बुरशीकडेही वेगळ्या नजरेने बघावं लागतं. बेंजामिनिएला आणि पावाचं यीस्ट बुरशीच्या वंशवृक्षावर खूप आधी वेगळे झालेत. यीस्टची मध्यस्थी १,००० पिढ्यांत बदलू शकते, तर इतक्या लांबच्या नातेवाइकात ती जशीच्या तशी असेल असं धरून प्राइमर मागवू नका. २८ आणि ३७ अंशाच्या दोन इन्क्युबेटरांत काय बदलतं, ते आधी त्या बुरशीतच बघावं लागेल.